आबांच्या लॉरीचे दोन पंखे

रेवा, निनाद, मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे होते तेव्हा एकदा बाजारातून परत आल्यावर तुमच्या बाबाने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली, आणि तरी गाडीच्या पुढच्या भागातून घुर्र असा आवाज येतच राहिला. रेवाने विचारलं, "आजी, गाडी बंद झाली तर हे काय चालू आहे?" बाबा म्हणाला, पंखा आहे, थांबेल आपोआप, आणि पिशव्या घेऊन आत गेला. मी मात्र तो पंखा थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले आणि रेवा माझ्याकडे बघत उभी राहिली. तेव्हा मी तिला म्हटलं होतं की या पंख्याचं मी नीट लिहून पाठवीन. मी कामं अर्धवट ठेवत नाही हे तुमचा बाबा तुम्हाला सांगेल, थोड्या तक्रारीच्या सुरात सांगेल, पण सांगेल.

आमचं घर औंढ्याला होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि अंगणापेक्षा मोठी वाटणारी आबांची लॉरी. आबा म्हणजे माझे वडील. ती लॉरी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. लष्कराच्या लिलावातून ती लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याकडे आली आणि त्याच्याकडून आबांकडे. बनावट विलायती, तोंड गोल, दोन दिवे डोळे वटारल्यासारखे. तिच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही आलं होतं, गाडीच्या प्रत्येक भागाची माहिती असलेलं, पानापानावर कोणा अनोळखी माणसाच्या तेलकट बोटांचे ठसे उमटलेलं. आमच्या घरात तेव्हा इंग्रजी कोणाला येत नव्हतं. तरी आईने ते पुस्तक जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलं होतं. समोरच्या काचेखाली आबांनी बुद्धाची पितळी मूर्ती बसवली होती आणि रोज सकाळी लॉरी पुसायला सुरुवात व्हायची ती त्या मूर्तीपासून.

लॉरी घेण्याआधी आबांनी बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. त्या काळाबद्दल ते एकच गोष्ट सांगत. मालक त्यांना नावाने हाक मारत नसे, "ए" म्हणत असे. माल चढवायचा असला तरी ए, जेवायला थांबायचं असलं तरी ए. स्वतःच्या लॉरीत बसल्यापासून त्यांना कोणी ए म्हटलं नव्हतं. मावळातला पेंढा घाट उतरून पनवेलकडच्या तबेल्यांना पोचवायचा आणि येताना मीठ, सुकी मासळी किंवा मंगलोरी कौलं घेऊन घाट चढायचा, हे त्यांचं काम. पावसाळ्याआधी घरं शाकारायची घाई असे, म्हणून मे महिन्यात कौलांच्या फेऱ्या जास्त. गाडी मासळी घेऊन आली की पुढचे दोन दिवस आमच्या दप्तरालाही बोंबलाचा वास यायचा. आई तव्यावर सुकट भाजायची, त्यात लसूण आणि लाल मिरची ठेचून घालायची आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढायची. मी इथे पुण्यात राहून ते करून बघते. चव येते, पण तो वास शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून खिडक्या बंद करून करते.

त्या लॉरीचा आवाज मला अजून ऐकू येतो. तिचा पंखा इंजिनलाच पट्ट्याने जोडलेला होता. इंजिन जोरात फिरलं की पंखा जोरात, इंजिन मंद की पंखा मंद. चार लोखंडी पाती, आणि चढावर त्यांचा आवाज असा की वावटळ अंगावर यावी. औंढ्याच्या वळणावर लॉरी लागली की तो आवाज आमच्या स्वयंपाकघरात पोचायचा. आई तेवढ्यासाठी थांबलेली असायची. धुतलेले तांदूळ तयार, आधण उकळत असलेलं. आवाज कानावर आला की ती तांदूळ वैरायची. आबा गाडी लावून, हातपाय धुऊन, मूर्तीपुढे क्षणभर उभे राहून पाटावर बसेपर्यंत भात बरोबर मोकळा आणि वाफाळता झालेला असे. घरात घड्याळ होतं, पण ते माझ्या शाळेसाठी. आईचं घड्याळ तो पंखा होता.

शाळा लोणावळ्यात, टेकडीवरच्या नन्सची. आई तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिथल्या मोठ्या सिस्टरांनी माझं नाव दाखल करून घेतलं. बारा वर्षांत मी तिथे इंग्रजी शिकले, वहीला समास सोडायला शिकले, आणि छापलेलं ते खरं असं मानायलाही शिकले. शेवटचं मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही. पण हे प्रकरण त्याबद्दलच आहे.

बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, निकाल यायचा होता. त्या मे महिन्यात घाटात रस्त्याचं काम निघालं आणि रोज गाड्यांची रांग लागायला लागली. भरलेली लॉरी चढावर दहा पावलं सरकायची, थांबायची, पुन्हा दहा पावलं. थांबली की इंजिन मंद, म्हणून पंखा मंद, आणि इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती खेळणारं पाणी उकळायला लागायचं. प्रत्येक फेरीला आबा एकदा तरी थांबून रेडिएटरवर पाणी ओतत. एका दुपारी त्यांनी घाई केली. ओलं गोणपाट हातावर घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि वाफेचा लोट उसळून त्यांच्या उजव्या हातावर आणि मानेवर आला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी निघाली. मागच्या गाडीतल्या माणसांनी त्यांना वर आणलं आणि लॉरी दुरुस्त करणाऱ्या रहमानचाचांनी दवाखान्यात नेलं.

आई रडली नाही. तिने पंधरा दिवस रोज पट्ट्या बदलल्या, त्यांना हाताने भरवलं, आणि सोळाव्या दिवशी, आबा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जेवत असताना, म्हणाली, "मानूस भाजून घरी आननारी गाडी मला दारात नको. इका ती."

आबांनी घास खाली ठेवला. "आन् मी काय करू?"

"डायवर हाय तुमी. चार जन गाडी देतील चालवायला."

आबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "येकदा रहमानभाईला इचारतो. कायतरी उपाय असंल."

"इचारा," आई म्हणाली. "पन सांगून ठेवते. उपाय केल्यावर घाटात येकदा जरी उकळली, तर रविवारी तळेगावच्या त्या मानसाला बोलवायचं." तळेगावचा तो माणूस दोनदा येऊन लॉरी बघून गेला होता. तो तिला चालवणार नव्हता. कापून लोखंड विकणार होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बोलता बोलता टायरला लाथ मारून बघितली होती, आणि तो गेल्यावर आबांनी तो टायर पुसला होता.

रहमानचाचांचं गॅरेज लोणावळ्यात हमरस्त्याला लागून होतं. उंच, किडकिडीत, खांद्यावर कायम एक चौकडीचा टॉवेल. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते आजार ओळखत, डॉक्टर नळी लावतात तसे. मराठी सावकाश वाचत, इंग्रजी अजिबात नाही. आबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा ते एका उलट्या डब्यावर बसून चहात बटर बुडवून खात होते.

"भाऊ, त्या नव्या बारक्या गाड्या आल्यात ना," चाचा म्हणाले, "त्यांचा पंखा बॅटरीवर फिरतो. इंजिन हळू असू दे, न्हाईतर बंद असू दे, पंखा आपला फुल. तसले दोन बसवू. जुना पंखा काढून टाकू."

"येवढ्या लॉरीला बारक्या गाडीचा पंखा? म्हशीला पोराचं झबलं घातल्यागत व्हईल."

"म्हनून तर दोन म्हनतोय. दोन झबली."

आबा हसले. भाजल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि मान ताणली गेल्यामुळे लगेच कळवळले.

पंखे पुण्याहून आले. दोन खोकी, आणि प्रत्येक खोक्यात घडी घातलेला एक गुलाबी कागद, वरपासून खालपर्यंत इंग्रजी. चाचांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातात दिला. मला किती आनंद झाला ते काय सांगू. घरात पहिल्यांदाच माझ्या इंग्रजीचं काम पडलं होतं. मी वहीचं एक पान घेतलं, समास आखला, आणि सगळ्या सूचना एक ते नऊ अशा ओळीने मराठीत लिहून काढल्या, निळ्या शाईने, खाडाखोड न करता. चौथी ओळ अशी होती: काळी वायर गाडीच्या बॉडीला जोडावी, लाल वायर बटणाला.

अंगणात लॉरीचं बॉनेट उघडं होतं. चाचांनी जुना पंखा काढून भिंतीशी टेकवून ठेवला होता, आणि रेडिएटरच्या मागच्या बाजूला, इंजिनकडे, दोन्ही नवे पंखे पट्ट्यांनी शेजारी शेजारी बसवले होते. मी वाचत होते, ते करत होते. चौथ्या ओळीला ते थांबले.

"काळी बॉडीला? नीट बघ, पोरी. ह्या गाडीचं समदं उलटं हाय. दुसऱ्या गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू बॉडीला असती. हिच्यात पलस हाय. मग काळी बॉडीला कशी चालंल?"

"कागदावर स्पष्ट लिहिलंय, चाचा."

"ते जाड पुस्तक बघतीस का येकदा? ट्रंकेतलं?"

"त्यात या पंख्यांचं कसं असेल? हे पंखे निघायच्या कितीतरी आधी ते पुस्तक छापलंय."

माझं म्हणणं तर्काला धरून होतं. ते चूक होतं, पण तर्काला धरून होतं, आणि अशा चुका करणाऱ्याला आपण चुकतोय असं कधी वाटत नाही. चाचांनी कपाळ खाजवलं. "तू शिकलेली. बरोबर असंल," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा आहे का ते मी शोधलं. नव्हता.

आबांनी समोरच्या काचेखाली बसवलेलं नवं बटण दाबलं. दोन्ही पंखे घूं करत फिरायला लागले आणि लॉरीच्या समोरच्या जाळीतून असा वारा सुटला की माझी वेणी मागे उडाली. चाचा बॉनेटच्या बाजूने वाकून वायरी बांधत होते. ते म्हणाले, "जाळीला कागद धरून बघू या का येकदा?"

"कशाला? वारा लागतोय की," मी म्हणाले.

वारा लागत होता हे खरंच. शेजारच्या बायका पोरांना घेऊन आल्या आणि लॉरीच्या तोंडासमोर ओळीने उभ्या राहिल्या. मे महिन्याच्या दुपारी एवढी चैन औंढ्यात कोणी केली नव्हती. एक म्हातारी पाट घेऊन आली आणि वाऱ्यात बसून गहू निवडायला लागली. आईसुद्धा बाहेर आली, पदराने घाम टिपत जरा वेळ उभी राहिली आणि आत गेली. आबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की चाचांनी कागदाचा विषय पुन्हा काढला नाही. लॉरी अंगणात अर्धा तास चालू ठेवली. पाणी तापलं, पण उकळलं नाही.

पहिल्या फेरीला आई म्हणाली, "मी बी येते. सोताच्या डोळ्यानं बघते." ती तोवर कधी त्या लॉरीत बसली नव्हती. शाळेला सुट्टी होती म्हणून तिला यायला जमलं. तिने फडक्यात भाकरी आणि सुकट बांधून घेतली, चपला हातात घेऊन पायरीवर चढली आणि आबांच्या शेजारी अगदी ताठ बसली. तिच्या शेजारी मी. चाचा मागे, येताना कौलांवर. तबेल्यात पेंढा उतरवून झाला, कौलं भरली, भाकरी खाल्ली, आणि उन्हं जरा कलल्यावर आम्ही घाटाला लागलो. काचेखाली पाण्याच्या उष्णतेचा काटा होता, आणि तबकडीच्या शेवटी एक लाल पट्टा. आईला वाचता येत नसे, पण लाल कळायला अक्षर लागत नाही. पहिल्या चढावर काटा मध्यावर आला. आबांनी पंख्यांचं बटण दाबलं. काटा खाली यायला हवा होता. तो वर गेला.

"रांगेमुळं असंल," आबा म्हणाले.

शिंग्रोबाच्या देवळापाशी सगळे ड्रायव्हर गाडी हळू करून नाणं टाकत. आबा नाणं टाकत नसत. ज्याने घाटाची वाट दाखवली त्याला मान द्यायचा म्हणून एकदा हॉर्न वाजवत. त्या दिवशी देऊळ यायच्या आधीच्याच वळणावर काटा लाल पट्ट्यात शिरला, आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ आली. आबांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि खाली उतरून, सवयीने, गोणपाट हातात घेतलं. आई त्यांच्याआधी बॉनेटपाशी पोचली होती. ती आबांच्या मागोमाग त्यांच्याच दाराने उतरली असणार, पण शेजारी बसूनही मला ते कळलं नाही. ती बॉनेटला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावायचा न्हाई."

"नुसतं बघतो, अगं."

"न्हाई." मग ती हळू आवाजात म्हणाली, "रविवारी त्या मानसाला बोलवा."

आबांनी वाद घातला नाही. गोणपाटाची नीट घडी करून ठेवली, मागे गेले आणि कौलांना बांधलेल्या दोऱ्या एकेक करून ओढून बघायला लागले. दोऱ्या घट्टच होत्या. ते शेवटच्या दोरीपर्यंत गेले आणि पुन्हा पहिलीपासून सुरू झाले.

चाचा कौलांवरून उतरून लॉरीच्या पुढे आले. इंजिन बंद होतं, पण पंखे बॅटरीवर चालूच होते. गरम वाफाळलेला वारा जाळीतून बाहेर येऊन त्यांच्या तोंडावर आला. खांद्यावरचा टॉवेल उडाला. ते जागच्या जागी उभे राहिले, टॉवेलचं टोक जाळीसमोर धरलं, सोडलं, ते पुन्हा बाहेरच्या बाजूला उडालं. तेव्हा त्यांना कळलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं. रेडिएटरमागचा पंखा बाहेरची गार हवा आत ओढण्यासाठी असतो. समोर उभं राहिल्यावर वारा लागताच कामा नये. आमचे पंखे उलटे फिरत होते. गाडी पुढे चालली की समोरून येणारी हवा आत शिरू पाहत होती आणि आमचेच पंखे तिला बाहेर ढकलत होते. औंढ्याच्या बायकांनी ज्या वाऱ्यात गहू निवडले, तो वारा इंजिनला मिळायला हवा होता.

चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं, एकदाच. मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, पंखे चांगले हायत. चूक माजी हाय. वायरी मी उलट्या जोडल्या."

"तीस वर्सं गाड्या दुरुस्त करताय रहमानभाई, आन् तुमाला वायर कळत न्हाई?" आईचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "ह्यांचा हात जळला तवा तुमीच दवाखान्यात नेलंत. मांस बघितलंय तुमी. तुमच्या भरवशावर मी हितं बसले."

चाचांनी मान खाली घातली. "बरोबर हाय, वहिनी."

मी गप्प राहिले. किती वेळ, ते मला नक्की सांगता येतं. खालून येणाऱ्या सात गाड्या आमच्या शेजारून वर गेल्या तोवर. मी त्या मोजल्या. आठवी दिसायच्या आत आबा दोऱ्या सोडून पुढे आले आणि चाचांच्या पाठीवर आपला भाजलेला हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे, रहमानभाई. व्हतं असं." चाचांनी तेव्हाही माझं नाव घेतलं नाही, आणि मला ते सहन होईना.

"आई, चाचांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "या गाडीचं उलटं आहे, जाड पुस्तक बघ, असं दोनदा सांगितलं. कागद धरून बघू म्हणाले. मी ऐकलं नाही. मी म्हटलं छापलंय ते बरोबर."

पुढे बरीच वर्षं मी चाचांना विचारत असे, तुम्ही का खोटं बोललात. ते टाळत. शेवटी एकदा म्हणाले, "निकालाच्या आधी तुला शिव्या नको म्हनलं." एवढंच. मी नंतर ते जाड पुस्तक उघडलं. विजेच्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरात लिहिलं होतं की या गाडीत बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली आहे. त्या चौकटीवर कोणाचातरी तेलकट अंगठा उमटलेला होता. माझ्या आधी कोणीतरी तिथे थांबलं होतं.

आई मला ओरडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेच्या गणवेशाला डाग पडला की बघायची तशी. मग म्हणाली, "मग आता नीट कर."

"वहिनी, मी करतो की. दोन मिनटाचं काम," चाचा म्हणाले.

"न्हाई. तिनं केलंय, ती करंल."

इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलो. आबांनी डब्यातून थोडं थोडं पाणी घातलं, आईच्या देखत, झाकण गार झाल्यावर. मग चाचांनी माझ्या हातात पकड दिली आणि मी बॉनेटमध्ये वाकले. काळ्या वायरी बॉडीपासून सोडवून बटणाकडे नेल्या, लाल वायरी बॉडीला. बोटांना चटके बसत होते, आणि चाचा माझ्या खांद्यावरून बघत हळू आवाजात सांगत होते, "हं. आता आवळ. आनखी. बास." सगळं मिळून खरंच फार वेळ लागला नाही.

आईने विचारलं, "आन् आता बरोबर झालं हे मला कसं कळनार? परवा बी तुमी समदे हसत व्हता."

"कागद," चाचा म्हणाले. "जाळीला कागद धरायचा, वहिनी. पंखा हवा आत ओढत असंल तर कागद चिकटून ऱ्हातो. उलटा असंल तर उडून जातो."

कागद माझ्याकडेच होता. वही मी बरोबर आणली होती, वाटेत काही वाचून दाखवावं लागलं तर म्हणून. मी वहीचं पान त्याआधी कधी फाडलं नव्हतं. ते फाडलं आणि आईच्या हातात दिलं. आबांनी बटण दाबलं. आईने कागद दोन्ही हातांनी जाळीवर टेकवला, गरम तव्यावर भाकरी टाकावी तसा, बोटं सांभाळून. मग तिने हात काढले.

कागद पडला नाही. तो जाळीला चिकटून राहिला, माझं निळं सुबक अक्षर बाहेरच्या बाजूला, चौथ्या ओळीसकट. समोर उभं राहून आम्हा कोणालाच वारा लागत नव्हता. आईने कागद ओढून काढला, पुन्हा लावला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा तिने तो आबांच्या हातात दिला आणि त्यांना लावायला सांगितला. तो कागद आज माझ्या फाइलमध्ये आहे. त्याच्यावर जाळीच्या आडव्या रेघा उमटल्या आहेत, काजळीच्या, वहीच्या रेघांना छेद देऊन गेलेल्या.

उरलेला घाट आईने काट्याकडे बघत काढला. दोनदा रांगेत थांबावं लागलं. दोन्ही वेळा काटा लाल पट्ट्याच्या खूप खाली थबकला आणि हळूहळू मागे आला. शिंग्रोबापाशी आबांनी हॉर्न वाजवला. कौलं कुरवंड्याला उतरवायची होती. तो चढही लॉरी चढली आणि परत येताना चाचा रिकाम्या हौद्यात टपावर हात टेकून उभे राहिले, टॉवेल डोक्याला गुंडाळून. त्यांना गॅरेजपाशी सोडताना आई खाली उतरली आणि उरलेल्या भाकरीचं फडकं त्यांच्या हातात दिलं. "सुकट तिकाट हाय," ती म्हणाली. माफी मागायची तिची हीच रीत होती.

घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. आबांनी लॉरी लावली, पण लगेच उतरले नाहीत. मग हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले. आईने घाईघाईने तांदूळ धुतले होते आणि आधण यायची वाट बघत ती चुलीपुढे बसली होती. उकळली तर विकायची असं ठरलं होतं, आणि लॉरी उकळली होती. आबांना विचारायचं धाडस होत नव्हतं. आई शब्दाची पक्की होती हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी दारातून जुन्या पंख्याकडे बघत होते. तो अजून भिंतीशी टेकलेला होता.

"आता गाडीचा आवाज तर काईच न्हाई ऱ्हायला," आई चुलीकडे बघतच म्हणाली. "तुमी वळनावर आलात ते मला कसं कळनार? भात कवा टाकायचा?"

आबांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, "हार्न मारीन."

"दोनदा मारा," आई म्हणाली. "येकदा समदेच मारतात."